डावीकडची काळी पट्टी

१

आमच्या दैनिकात दर रविवारी माझा एक रकाना असतो. सर्कस, ऑर्केस्ट्रा, मीनाबाजार, जादूगाराचे प्रयोग, थोडक्यात नागपुरात जे जे पैसे घेऊन लोकांची करमणूक करतं ते मी तिकीट काढून बघतो आणि जसं असेल तसं लिहितो. फुकटचा पास घेत नाही. एका जादूगाराच्या माणसांनी मला धंतोलीत गाठून सायकलची दोन्ही चाकं वाकवली होती, तरी पुढच्या रविवारी त्याच जादूगाराची दुसरी युक्ती मी उघड केली. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे येणार आहे ते कोण लिहितो आहे, ते वाचणाऱ्याला माहीत असावं म्हणून सांगतो.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी यमुताईंनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, प्रुफं तपासता तपासता मान वर न करता मला सांगितलं, "या खेपेला तो व्हिडिओ गेम घे. बर्डीवरचा, विमानवाला. पोरं वेडी झाली म्हणतात."

"पोरं कशानंही वेडी होतात."

"आणि दुसरंही काही म्हणतात."

"दुसरं काय?"

"ते तू सांग," यमुताई म्हणाल्या. "बी.एस्सी. तू आहेस, मी नाही. चारशे शब्द. त्याच्या वर गेलास तर मी कापीन."

चारशेच्या वर केव्हाच गेलो आहे. कापायचं असेल तर त्यांनी कापावं. मी कापणार नाही.

२

पार्लर बर्डीच्या बाजारपेठेत, मोठ्या रस्त्यामागच्या बोळात आहे. वर टिनाचं छप्पर, आत चार मशीन, एक कूलर आणि एक स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर सतत घुमतो, त्यामुळे आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं आपल्याच कानात काही झालं आहे असं वाटतं. मालक शालिकराम. पंचेचाळिशीचा माणूस, मिल बंद पडल्यावर त्यानं हे सुरू केलं. मिलमधल्या मागासारखं मशीनसुद्धा तो उभ्यानंच चालवतो आणि दिवसातून तीनदा पुसतो.

मी त्याच दिवशी, मुद्दाम दुपारी दोनला गेलो. मे महिन्यात त्या वेळी बर्डीवर कुत्रंही नसतं. गर्दी नसली की मशीन नीट बघता येतं.

विमानवालं मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्यावर जपानी अक्षरं आहेत, ती नागपुरात कोणाला वाचता येत नाहीत. म्हणून गेमला नाव नाही, नुसतं विमानवाला. मशीनवर निंबू-मिरची टांगली होती. तिच्याबद्दल मी बोलणार होतोच, पण त्याआधी मला पट्टी दिसली. पडद्याच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, दोन बोटं रुंदीची काळी टेप चिकटवलेली होती. वायरमन वापरतात ती.

"ही काहून लावली, शालिकरामभाऊ?"

"काच तडकली तिथं."

मी टेपवरून नख फिरवलं. खाली काच सरळ होती.

"तडा तर नाही लागत हाताला."

"आतून तडकली," शालिकराम म्हणाला आणि फडकं घेऊन दुसरंच मशीन पुसायला लागला.

३

आधी गेमबद्दल. परीक्षण आहे, तर परीक्षण झालंच पाहिजे.

विमान डावीकडून उजवीकडे जातं. म्हणजे दिसायला ते जवळपास एका जागी असतं आणि खालची जमीन डावीकडे सरकत राहते. टेकड्या, नदी, पूल, मग कारखाने, मग उंच चिमण्या, मग एक लांबच लांब उजाड पठार. उजवीकडून नवं येतं, डावीकडून जुनं पडद्याबाहेर जातं आणि गेलेलं परत येत नाही. दांडीनं विमान वर-खाली होतं, थोडं पुढे-मागे होतं. एका बटणानं गोळी सुटते, दुसऱ्यानं बॉम्ब. जमिनीवर तेलाच्या टाक्या आहेत. टाकी फोडली की आपल्याला इंधन मिळतं. काही न फोडता उडत राहिलात तर चिमण्यांच्या टप्प्यात इंधन संपून पडता. म्हणजे विध्वंस केल्याशिवाय जगता येणार नाही अशी त्यांची व्यवस्था आहे. यावर मी एक परिच्छेद लिहिणार होतो. चांगला झाला असता.

तरी गेम देखणा आहे हे कबूल करतो. नदीचं पाणी नुसत्या तीन रंगांत हलतं. चिमण्यांमधून विमान काढताना कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसल्यासारखं वाटतं. पाच रुपये संपले तेव्हा तीन वाजले होते आणि माझ्या अंगठ्याला फोड आला होता.

पण ती पट्टी डोळ्यात सलत होती. ज्या कोणी जपानी माणसानं हा पडदा आखला त्यानं तो पूर्ण आखला. दोन बोटं झाकून मी त्यावर मत द्यायचं म्हणजे अर्धं नाटक बघून लिहिण्यासारखं आहे. मी टेपचं वरचं टोक नखानं उचललं.

"रविभाऊ," शालिकराम मागून म्हणाला. त्याला माझं नाव माहीत आहे हे मला तेव्हा कळलं. "राहू द्या ना गा ते."

"तडा कुठे आहे तो दाखवा, मी सोडतो."

त्यानं तोंड फिरवलं. मी टेप सर्रकन खालपर्यंत ओढून काढली. काच अखंड होती.

४

नवा रुपया टाकला. पहिला टप्पा, टेकड्या. डाव्या कडेला, अगदी कडेला, जमिनीच्या रेषेवर एक पांढुरका ठिपका होता.

पिक्चर ट्यूब जळली असेल असं मी धरलं. एकच चित्र फार वेळ राहिलं तर काचेच्या आतला थर जळतो, डाग कायमचा उमटतो. हे मी शालिकरामला समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण पडद्याकडे बघत नव्हता.

"मग मशीन बंद करून पाहा. डाग असला तर बंद मशीनवर पण दिसन," तो म्हणाला.

मशीन बंद केलं. डाग नव्हता. चालू केलं. टेकड्या आल्या आणि ठिपका होता तिथेच होता. आता तो ठिपका म्हणण्यापेक्षा थोडा उंच होता. चार-पाच ठिपके, एकावर एक. खालचे दोन आळीपाळीनं हलत होते.

मी विमान आदळू दिलं आणि तसाच उभा राहिलो. कारण तोवर मला एक साधी गोष्ट लक्षात आली होती, शाळेतल्या मुलालाही येईल अशी. या गेममध्ये जमीन डावीकडे सरकते. जे जमिनीवर आहे ते सगळं तिच्याबरोबर मागे जातं. झाड, टाकी, चिमणी, सगळं. हा जात नव्हता. जमीन मागे जाते आहे आणि हा जागेवर आहे, म्हणजे हा चालतो आहे. विमान ज्या वेगानं जातं त्याच वेगानं. मागून.

"त्यांनी काढलेलं एखादं पात्र असेल," मी म्हणालो. "शत्रूचा सैनिक वगैरे."

"सैनिक गोळी मारते," शालिकराम म्हणाला. "हा मारत नाही. नुसता येऊन राहिला."

५

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन गेलो. लाकडाची, मोजायची. काचेवर शाईच्या पेनानं खुणा केल्या आणि खेळत बसलो. शालिकरामनं मला चहा दिला आणि दार अर्धं लावून घेतलं, उन्हाची तिरीप पडद्यावर येते म्हणून. मी त्याला दार उघडं ठेवायला सांगितलं.

सांगण्यासारखं एवढंच निघालं. काही फोडलं की मशीन क्षणभर अडखळतं. स्फोट दाखवायला त्याला श्रम पडतात, तेवढा वेळ जमीन थांबते. डोळ्याला कळत नाही, पण थांबते. तो मात्र थांबत नाही. चाळीस टाक्या फोडल्या की तो एक नखभर पुढे येतो. कच्चा खेळणारा दोन मिनिटांत मरतो, त्याला कडेला काही असल्याचं कळणारही नाही. चांगला खेळणारा जितका चांगला खेळेल तितका तो जवळ. मरून पुन्हा रुपया टाकला तरी तो पहिल्यापासून सुरू होत नाही. जिथे होता तिथूनच.

दुपारी लाइट गेली, तासाभरानं आली. मशीनला कसलीही आठवण राहायचं कारण नव्हतं. मी शाईच्या खुणेकडे पाहिलं. तो खुणेवर होता.

"शालिकरामभाऊ, टेप लावली कधी?"

तो स्टुलावर बसला. "कृष्णकांतच्या टायमाले. पॉलिटेक्निकचा पोरगा, एक नंबर हात. एका रुपयात दोन दोन तास. एक दिवस हा मागून येणारा विमानाच्या शेपटीपर्यंत येऊन गेला. कृष्णकांतनं खेळता खेळता हात सोडले आणि गेला निघून. सायकल इथंच ठेवून गेला. मग मी टेप लावली. दिसलं नाही तर धंदा चालते."

"आणि निंबू-मिरची?"

"ते वामनरावनं लावली. जागेचे मालक. शनिवारी ते कोराडीकडून कोण्या मांत्रिकाले आणून राहिले, मशीनचा बंदोबस्त करायले. नाही तर म्हणतात जागा खाली कर." त्यानं फडकं दोनदा झटकलं. "तुम्ही पेपरात लिहून द्या ना गा, काही नाही म्हणून. तुमचं ऐकतीन लोकं. माझं दुकान वाचते."

"काही नाही, हे मला आधी ठरवू द्या," मी म्हणालो. "मी खोटं लिहीत नाही. तुमच्यासाठीही नाही."

हे बोलताना मला बरं वाटलं. त्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर तेवढं बरं वाटलं नाही.

६

कृष्णकांत सदर भागात मामाच्या घरी राहतो. मामीनं मला आतल्या खोलीत नेलं आणि दारातच थांबली. वीस वर्षांचा, अंगानं धट्टाकट्टा, नुकतीच दाढी केलेला. वेडाबिडा काही नाही. फक्त खाट कोपऱ्यात ओढलेली आणि तो त्या कोपऱ्यात पाठ आणि डावा खांदा दोन्ही भिंतींना टेकवून बसलेला.

"तुम्ही समोर बसा," तो म्हणाला. "मागं नका जाऊ."

"मागे जायला जागाच नाही," मी म्हणालो.

"हो. म्हणून तं इथं बसतो."

त्याला हसू आलं, मलाही आलं. मग मी त्याला जमीन थांबते ते, चाळीस टाक्यांचं ते, सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. हे त्याला माहीत होतं.

"पण तुम्ही अजून ओळखलं नसन त्याले," तो म्हणाला. "ज्याचा त्याचा वेगळा असते, कडेपासून निघते. लहान दिसते ना. जवळ आल्यावर समजते. चालीवरून."

"कोण होतं?"

"माझी माय. मी आठवीत असताना गेली. सावनेरले मले बसवर सोडायले यायची, डोक्यावर पदर घेऊन, हात असा कमरेवर ठेवून." त्यानं बसल्या बसल्या हात कमरेवर ठेवून दाखवला. "मले पोचवायले येऊन राहिली ती."

"मग चांगलंच आहे. आई आहे तुझी. घाबरतोस काहून?"

तो माझ्याकडे बघायला लागला. परीक्षेत सोपा प्रश्न चुकलेल्या माणसाकडे बघावं तसा.

"भाऊ, जो जाऊन राहिला त्यालेच पोचवायले येतात ना," तो म्हणाला. "मी कुठं जाऊन राहिलो?"

७

आमच्याकडच्या नसलेल्या वाचकांसाठी हे सांगायला हवं. आमच्या भागात पाहुणा निघाला की त्याला पोचवायला जातात. दारापर्यंत नाही, वेशीपर्यंत, नाल्यापर्यंत, मोटर स्टँडपर्यंत. पोचवणारा थोडा मागून चालतो, बहुतेक पिशवी त्याच्याच हातात असते. तो आपणहून थांबत नाही. आपणहून थांबणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं. जाणाऱ्यानं वळून म्हणायचं असतं, 'फिरा आता.' मग तो फिरतो. जाणाऱ्यानं म्हटलं नाही तर तो चालत राहतो.

माझे वडील देवाजी. गाव खाप्याजवळ. बैलगाडीचं चाक गेल्यामुळे त्यांचा डावा पाय ओढला जायचा. एक पाऊल पडायचं, एक घासत यायचं. त्या पायानं ते छप्पन साली नागपूरला दीक्षेला चालत आले होते आणि चालतच परत गेले होते. परत गेल्यावर त्यांनी घरातलं जे जे भीतीपोटी ठेवलेलं होतं ते सगळं बाहेर काढलं. मला लहानपणी अंधाराची भीती वाटली की ते म्हणायचे, "भूत नसते बेटा. असते तं जिवंतपणी आपल्या वस्तीत न येणारे मेल्यावर कायले येतीन?"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी एका दिवसासाठी गावी गेलो होतो. मला नागपुरात सभेला पोचायचं होतं. बाबा पिशवी घेऊन मागून चालत होते आणि मी पुढे, भराभर, कारण बस चुकली असती. स्टँडवर बस सुटतच होती. मी पिशवी त्यांच्या हातातून ओढली, चढलो, जागा मिळवली आणि सभेतल्या भाषणाचा कागद काढला. वळलो नाही. म्हटलं नाही.

पुलापलीकडे एका ओळखीच्या गाडीवाल्याला ते दिसले. उन्हात, रस्त्याच्या कडेनं.

"कुठं चालले गा, देवाजी?"

"पोराले पोचवून राहिलो."

"पोरगा तं बसनं गेला ना."

"गेला. पण फिरा म्हणाला नाही अजून."

हसत म्हणाले असं गाडीवाला सांगतो. त्यानं त्यांना गाडीत बसवून घरी आणलं. पुढे नऊ दिवसांनी ते तापानं गेले. पुलाचा आणि तापाचा काही संबंध नाही, हे मला डॉक्टरनं सांगितलं आणि मला पटलं.

८

गुरुवारी तो विमानाच्या शेपटीपासून दोन बोटं अंतरावर होता. आता सात-आठ ठिपके उंच. डोकं काळं, अंग पांढरं, हाताशी एक वेगळा तपकिरी ठिपका. खालचा एक ठिपका उचलला जायचा आणि पुढे पडायचा. दुसरा उचलला जात नव्हता. तो नुसता सरकायचा.

सात-आठ ठिपक्यांत माणूस ओळखता येत नाही. मी बी.एस्सी. आहे, मला माहीत आहे. डोळा जे शोधतो ते त्याला सापडतं. कृष्णकांतनं मला पोचवण्याची गोष्ट सांगितली आणि माझ्या डोळ्यांनी ती भरून काढली. हे सगळं मी शालिकरामला स्पष्ट, क्रमानं, आवाज न चढवता सांगितलं.

"तुमचं कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"तुमच्या इकडं काय म्हणतात माहीत नाही," तो म्हणाला, "आमच्याकडं तं 'फिरा आता' म्हणतात. कृष्णकांतले मी तेच सांगितलं होतं. त्याच्या तोंडून निघालं नाही. तुम्ही म्हणून पाहा ना. दोन शब्दाचं काम आहे. तो फिरन, मशीन साफ होईन, वामनरावले शनिवारी येऊ द्या मग, दाखवू त्याले की काही नाही. तुम्हाले खोटं पण लिहा लागत नाही."

कोणी इतक्या सोप्या शब्दांत मला कधी अडवलं नव्हतं. दोन शब्द. म्हटले असते तर त्याचं दुकान वाचत होतं. मांत्रिकाचं काम मीच केलं असतं, पैसे न घेता. पण ज्या क्षणी मी ते म्हणेन त्या क्षणी तिथे कोणीतरी आहे हे मी मान्य करेन. आणि ज्याला मान्य करेन त्याला त्याच तोंडानं 'जा' म्हणेन.

"नाही म्हणणार," मी म्हणालो.

"काहून?"

"तिथे कोणी नाही म्हणून."

"आणि असला तं?"

"असला तर मुळीच नाही."

९

शुक्रवारी दुपारी दोन. बोळात ऊन पांढरं झालेलं. मी ठरवून गेलो होतो: शेवटचा खेळ, एकही गोळी न झाडता. काही फुटलं नाही तर जमीन थांबणार नाही, तो जवळ येणार नाही, इंधन संपेपर्यंत मी उडत राहीन आणि त्यावरून माझा हिशेब सिद्ध होईल. मग परीक्षण लिहायला मोकळा.

रुपया टाकला. टेकड्या गेल्या, नदी गेली, पूल आला. पुलावरून विमान जाताना मी डावीकडे पाहिलं. तोही पुलावर होता. एक पाऊल, एक घसटणं. हिशेब बरोबर होता, तो जवळ येत नव्हता. पण मला तेव्हा दिसलं की तो दमला आहे. घसटणारा ठिपका आधीपेक्षा हळू सरकत होता. तो मागे पडत होता. आणखी थोड्या वेळात कडेबाहेर गेला असता, आपोआप, मी काही न म्हणता.

यात माझं काय बिघडत होतं? काहीच नाही. उलट सगळ्यांचं भलं होतं.

मी दांडी डावीकडे ओढली. पूर्ण, हात दुखेपर्यंत. या गेममध्ये विमान वळत नाही, पण थोडं मागे येतं. तेवढं आलं. त्याच्या डोक्यावर येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं, एखादा माणूस सायकल हातात धरून चालावा तसं. चिमण्यांच्या टप्प्यात इंधन संपलं. विमान खाली उतरलं. आदळलं म्हणणार नाही. स्फोट झाला नाही. 'खेळ संपला'ची इंग्रजी अक्षरं यायला हवी होती, ती आली नाहीत. जमीन थांबली.

तो चालत विमानापाशी आला आणि खाली बसला. एक पाय दुमडून, दुसरा समोर सरळ लांब करून. खाप्याच्या स्टँडवर बसची वाट बघताना बाबा असे बसायचे. तपकिरी ठिपका त्यानं शेजारी ठेवला.

"म्हणा ना गा," शालिकराम माझ्या मागे कुजबुजला. "आता म्हणा."

मी ओठ घट्ट मिटले. डोक्याचा काळा ठिपका हलला. वर, काचेकडे. आणि लाइट गेली.

कूलर थांबला, स्टॅबिलायझर थांबला. इतके दिवस कानात असलेली ती घुमघुम गेली तेव्हा पार्लरमध्ये किती शांतता असते ते प्रथमच कळलं. त्या शांततेत सिमेंटच्या फरशीवर, माझ्या मागे डाव्या बाजूला, एक पाऊल पडलं. मग एक ओढलं गेलं.

मी वळलो नाही. भीती वाटत होती, ते कबूल करतो. पण न वळण्याचं कारण ते नव्हतं. जाणारा वळला की त्याला म्हणावंच लागतं.

शालिकराम माझ्या उजवीकडे होता. दारातून येणाऱ्या उजेडात मला त्याचा चेहरा दिसत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डाव्या खांद्यामागे, खांद्याहून थोडं खाली, माणसाच्या डोळ्यांत बघावं तसं बघत होता. मग त्यानं वाटेतलं स्टूल पायानं हळूच बाजूला सरकवलं आणि फडकं खांद्यावर टाकून दोन्ही हात जोडले.

"जय भीम, बुढेबाबा," तो म्हणाला.

बाबांबद्दल मी त्याला एक शब्द सांगितलेला नव्हता. आणि पाच दिवसांत मला त्यानं एकदाही जय भीम केला नव्हता.

१०

निष्कर्ष.

गेम चांगला आहे. चित्रं स्वच्छ, दांडी उजवीकडे जरा जड, रुपया वसूल होतो. पडद्यावर डाग नाही. लाइट आल्यावर मी आणि शालिकरामनं दोघांनी तपासलं. डाव्या कडेला आता काही नाही. टेप लावायची गरज नाही, लावू नये. निंबू-मिरची शालिकरामनं त्याच दिवशी स्वतः काढली आणि बोळाच्या तोंडाशी फेकून दिली. कृष्णकांतची सायकल मी सदरला नेऊन दिली. तो अजून कोपऱ्यातच बसतो. मी त्याला म्हणालो, आईला डावीकडे जागा दे. निघताना बघितलं तर त्याचा खांदा भिंतीपासून चार बोटं सुटलेला होता.

वामनरावांना आणि ते ज्याला आणणार आहेत त्याला मी हे छापून सांगतो आहे, म्हणजे सांगितलं नाही असं व्हायला नको. मशीनमध्ये काढण्यासारखं काही नाही. मी जे पाहिलं आणि ऐकलं ते जसंच्या तसं वर लिहिलं आहे. त्याला भूत म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. माझ्या बापानं मला भूत मानायला शिकवलं नाही, आणि आता बापालाच भूत म्हणायला मी तयार नाही. मला कुठवर पोचवायचं ठरलं आहे, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. वळून ते दोन शब्द मी म्हणणार नाही, ज्याला म्हणायचे त्यानं आपल्या माणसाला म्हणावे.

यमुताईंनी हे शनिवारच्या सकाळच्या अंकात घ्यायचं कबूल केलं आहे. रविवारपर्यंत थांबलो तर उशीर होईल. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तू आता एवढा हळू कशाला चालतोस रे? जिना चढलास तर पाच मिनिटं लागली."

शनिवारी दुपारी दोन वाजता वामनराव त्यांच्या मांत्रिकाला घेऊन पार्लरवर येतील, तेव्हा दारात मी उभा असेन. सायकल आणणार नाही. इंदोऱ्यातल्या माझ्या घराहून बर्डी काही लांब नाही, पण सकाळी आठलाच निघावं लागेल. आम्ही हळू चालतो.